पृथ्वीचा जन्मदाखला

भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीचे वय एका ओळीत उरकलेले असते : सुमारे ४५४ कोटी वर्षे. परीक्षेत तेवढे लिहिले की गुण मिळतात. पण हा आकडा हाती येईपर्यंत किती वाद झाले, हे त्या ओळीत कोठेच दिसत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या पिढीत खेड्यापाड्यांतल्या अनेकांची तीच असते, कारण नाव घालताना गुरुजी अंदाजाने तीच लिहीत. आजीला विचारले तर ती म्हणते, "दुष्काळ सरल्यावर, थोरलीच्या पाठीवर झाला." क्रम पक्का, तारखेचा पत्ता नाही! एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञांची गत अशीच होती. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, कोणत्या थरात कोणते जीवाश्म, हे त्यांना चांगले ठाऊक होते. वर्षे मोजायला मात्र साधन नव्हते.

१८५९ साली डार्विनचा ग्रंथ आला. सूक्ष्म बदल साचत साचत नव्या जाती होतात, असे म्हणायचे तर काळ अफाट हवा. पण १८६२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन (तेव्हाचे विल्यम थॉमसन) यांनी गणित मांडले. पृथ्वी प्रथम वितळलेला गोळा होती असे धरले, तर तो आजच्याइतका निवायला २ ते ४० कोटी वर्षे पुरतात. १८९७ पर्यंत तर ते २ ते ४ कोटींवर उतरले. ज्यांच्या नावाने तापमान मोजतात त्या माणसाशी वाद कोण घालणार? डार्विन १८८२ साली वारला तेव्हा हा आक्षेप तसाच उभा होता.

रेडियमची उष्णता केल्व्हिनना ठाऊक नव्हती म्हणून त्यांचे उत्तर चुकले, असे पुष्कळ पुस्तकांत लिहितात. खरे भगदाड निराळेच होते. १८९५ साली जॉन पेरी या, एकेकाळी केल्व्हिन यांच्याच हाताखाली सहायक असलेल्या अभियंत्याने ते दाखवले. पृथ्वीच्या पोटातले द्रव्य हलत असेल, तर आतली उष्णता सतत वर येत राहील आणि वय कित्येक पट वाढेल. गणित बिनचूक, गृहीतक कच्चे. मला या साऱ्या कथेत पेरीच सर्वांत आवडतो. त्याचे ऐकले मात्र फारसे कोणी नाही.

किरणोत्सर्गाने दिले ते घड्याळ. युरेनियमचे अणू ठराविक गतीने फुटत अखेर शिसे होतात. मुख्य प्रकारचे युरेनियम निम्मे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, आणि खडकातील उष्णतेने वा दाबाने ही गती बदलत नाही. तेव्हा युरेनियम किती उरले व शिसे किती साचले, हे मोजले की खडकाचे वय निघते. १९०७ साली बोल्टवुडने असे वय काढले आणि पुढे आर्थर होम्सने या कामाला आयुष्य वाहिले.

अडचण एवढीच की पृथ्वीचे पहिले कवच शिल्लक नाही. ते वितळले, झिजले, गाडले गेले. म्हणून क्लेअर पॅटरसनने पृथ्वीबरोबरच जन्मलेल्या अशनींकडे मोर्चा वळवला. ॲरिझोनात पडलेल्या एका लोखंडी अशनीत युरेनियम जवळजवळ नाहीच. त्यातले शिसे जन्मवेळी होते तसेच राहिले. तो झाला आरंभीचा आकडा. त्याच्याशी युरेनियम असलेल्या अशनींतील शिसे ताडून १९५६ मध्ये त्याने ४५५ कोटी वर्षे हे वय प्रसिद्ध केले. आजवर त्यात नाव घेण्याजोगा फरक पडलेला नाही.

पण त्याआधी काही वर्षे त्याचे मोजमाप जुळतच नव्हते. शिसे हवेत, धुळीत, कपड्यांवर, सगळीकडे होते. प्रयोगशाळा घासूनपुसून लख्ख केली तेव्हा उत्तर आले. एवढे शिसे येते कोठून, याचा माग काढता तो पेट्रोलपर्यंत पोहोचला, आणि १९६५ पासून उद्योगांचा रोष पत्करून विरोधात उभा राहिला. अमेरिकेत मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल १९९६ साली बंद झाले, भारतात २००० साली.

आपल्याकडे येथे एक गोष्ट अभिमानाने सांगतात. ब्रह्मदेवाचा दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. पाहा, आकडा जुळला! परंतु त्याच गणनेप्रमाणे चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षेच सरली आहेत. तुलना करायची तर १९७ ची ४५४ शी करावी लागेल. एवढ्या प्रचंड काळाची कल्पना करणाऱ्या पूर्वजांचे मला कौतुकच आहे. पण कल्पना वेगळी, मोजणी वेगळी.

मग डार्विनला हवा असलेला हा काळ जीवसृष्टीने कसा खर्च केला? बहुतेक सगळा सूक्ष्मजीवांनी! पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट आहेत, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांवर गाळ बसून झालेले दगडी पापुद्रे. अशाच जीवांपैकी काहींनी सूर्यप्रकाशावर अन्न करताना प्राणवायू सोडला, तरी तो हवेत टिकू लागायला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीचा काळ उजाडला. डोळ्यांना दिसतील असे प्राणी गेल्या साठेक कोटी वर्षांतले. आणि ज्याला आपण अनादी म्हणतो तो सह्याद्रीचा काळा कातळ? अवघा ६.६ कोटी वर्षांचा. पृथ्वीच्या मानाने कालचे पोर.

स्ट्रोमॅटोलाइट मात्र अजून संपलेले नाहीत. ऑस्ट्रेलियाच्याच शार्क बे या खाऱ्या उपसागरात ते आजही वाढतात, वर्षाला एक मिलिमीटरही नाही.

— द्वितीय वर्ष कला (भूगोल)