पंचांची कबुली

मैदानावर पंचांचा शब्द अखेरचा मानतात. तसे नसते, तर प्रत्येक सामना भांडणातच संपला असता. परंतु पंच झाले तरी तीही माणसेच. त्यांच्या हातूनही चूक होते. मग त्या चुकीचा जाब त्यांना कोणी व कसा विचारावा?

२ जून २०१० रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी बेसबॉलचा सामना चालू होता. या खेळात प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात व दर डावात तीन गडी बाद व्हावे लागतात. प्रतिपक्षाच्या एकालाही पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या वाटेवरील पहिल्या ठिकाणापर्यंत, पोहोचू न देता ओळीने सत्तावीस गडी बाद करणे हा गोलंदाजाचा परमोच्च पराक्रम होय. १८८० पासून तोवर तेथील प्रमुख स्पर्धांत तो अवघा वीस वेळा घडला होता. त्या दिवशी डेट्रॉइटच्या आर्मांदो गालारागा या तरुण गोलंदाजाने सव्वीस गडी बाद केले होते.

सत्ताविसाव्या फलंदाजाने चेंडू टोलवला व तो धावत सुटला. क्षेत्ररक्षकाने चेंडू अडवून फेकला. गालारागाने तो झेलून बेसवर पाय ठेवला, तेव्हा फलंदाज अजून मागेच होता. परंतु पंच जिम जॉइस यांनी हात पसरून त्यास नाबाद ठरविले! प्रेक्षक खवळले, सोबती वाद घालू लागले. गालारागा मात्र किंचित हसला, आपल्या जागी परतला आणि पुढच्या फलंदाजास बाद करून त्याने सामना संपविला.

सामन्यानंतर जॉइस यांनी चित्रफीत पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. वीस वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या त्या पंचांनी कोणावर खापर फोडले नाही. त्या तरुणाचा पराक्रम आपण हिरावून घेतला, असे त्यांनी वार्ताहरांना सांगितले आणि गालारागाला भेटून क्षमा मागितली. गालारागाने त्यांना मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर जॉइस पुन्हा पंच म्हणून उभे राहिले. सामन्यापूर्वी खेळाडूंची यादी पंचांच्या हाती द्यावयाची असते. ती घेऊन त्या दिवशी गालारागाच पुढे आला. जॉइस यांना अश्रू आवरेनात.

निर्णय मात्र बदलला नाही. त्या काळी चित्रफितीवरून निर्णय तपासण्याची सोय केवळ होमरनपुरती होती. गालारागाच्या पराक्रमाची नोंद राहून गेली, ती कायमचीच. पुढे २०१४ पासून बेसवरील निर्णयही तपासता येऊ लागले.

पंचांना शिव्या देणे सोपे असते. त्याने चूक सुधारत नाही. ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती कबूल करावी आणि नियम करणाऱ्यांनी ती पुन्हा न घडण्याची तजवीज करावी, हेच खरे उत्तरदायित्व. त्याच जून महिन्यात प्रसिद्ध झालेल्या एका मतचाचणीत खेळाडूंनी सर्वोत्तम पंच म्हणून निवड केली, ती जिम जॉइस यांचीच!

शब्दार्थ
परमोच्च – सर्वांत उंच
खापर फोडणे – दोष दुसऱ्यावर ढकलणे
तजवीज – व्यवस्था

प्रश्न
१. पंचांचा शब्द अखेरचा का मानतात?
२. चूक कळल्यावर जॉइस यांनी काय केले?
३. गालारागाच्या वागणुकीतील कोणती गोष्ट तुम्हांस अधिक आवडली? का?
४. तो निर्णय मागाहून बदलावयास हवा होता, असे तुम्हांस वाटते काय? सकारण लिहा.