स्थलांतर आणि खर्चाची मर्यादा

माणूस गाव सोडतो तेव्हा त्याच्या ताटाचा आणि खर्चाचा रिवाजही बदलतो. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत याची साक्ष ठायी ठायी मिळते. पश्चिमेच्या डोंगरी पट्ट्यात भात, नाचणी, वरई ही घरची पिके. हिरडा विकून मीठ-मिरचीची सोय होई. पूर्वेकडे कालव्याचे पाणी पोहोचले, ऊस, कांदा, टोमॅटो आले आणि नारायणगाव, मंचर येथील बाजारपेठा वाढल्या. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात तर ज्याचे नाव तालुक्याला आहे ते मूळ आंबेगावच बुडाले. भातखाचरे पाण्याखाली गेली की घरचे धान्यही संपते. चाकण, भोसरी, मुंबईला गेलेल्या कुटुंबांचेही तसेच. कणगीतून मापून काढलेल्या धान्याची जागा दुकानातील पाकिटे घेतात.

कणगी रिकामी होताना डोळ्यांना दिसते, म्हणून हात आपोआप आखडतो. हप्त्याने घेतलेल्या वस्तूंचा भार मात्र दिसत नाही. शिवाय नव्या वस्तीत आपल्याला कोणी ओळखत नसते. मग वस्तूंनीच आपली ओळख व्हावी असे वाटू लागते. शेजाऱ्याकडे आहे ते आपल्याकडेही हवे, या ईर्षेतून व्याजाचे कर्ज घरात शिरते आणि हलाल कमाईचा मोठा वाटा हराम व्यवहारात जातो.

वाचकहो, इ. स. ६२२ मधील हिजरत आठवा. मदीनेत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) व ह. सअद बिन रबीअ (रजि.) यांना बंधुभावाने जोडले. सअद (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. तेथे तूप व पनीर यांचा व्यापार करून ते स्वतःच्या पायावर उभे राहिले. परक्या नगरात बाजाराकडे वळलेले त्यांचे पाऊल प्रथम कमाईसाठी होते.

सुखसोयी भोगणे गुन्हा नाही. अल्लाहने निर्माण केलेली शोभा व शुद्ध अन्न कोणी निषिद्ध केले, असा प्रश्न कुरआननेच केला आहे (७:३२). मात्र त्याआधीच्या आयतीत खाण्यापिण्यात अतिरेक करण्यास मनाई आहे. सूरह फुरकानमध्ये उधळपट्टी व कंजूषपणा यांमधील मार्ग सांगितला आहे (२५:६७). सूरह बनी इस्राईलच्या २६ व्या आयतीत नातेवाईक, गरजू व प्रवासी यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे आणि तेथेच उधळपट्टीची मनाई आहे. जो पैसा दिखाव्यात जातो, तो बहुधा गावाकडील वृद्ध आई-वडिलांच्या वा विधवा बहिणीच्या वाट्याचा असतो.

म्हणून नव्या घरात पगार हाती येताच प्रथम त्यांचा हक्क बाजूला काढा. व्याजी हप्त्यापासून दूर राहा. वस्तू उशिरा आली तरी चालेल. महिन्याचा खर्च मुलांसमोर बसून लिहा, म्हणजे घरातील कणगी त्यांनाही दिसेल. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो. आमीन.