आधी हवेची वाट, मग पंखा

बाथरूममधला पंखा फिरतो आहे म्हणजे हवा बाहेर जाते आहे, असं नव्हे. हे आमच्या घराला एका पावसाळ्यात कळलं, आणि त्याची किंमत भिंतींनी, कपड्यांनी आणि सासूबाईंच्या छातीने मोजली. बाथरूमचं काम काढलं की घरोघरी टाइल्स, नळ आणि बेसिन यांवर आठवडेच्या आठवडे बोलणं होतं. एक्झॉस्ट फॅन मात्र शेवटच्या दिवशी, दुकानात असेल तो, आणला जातो. तसं तुमच्याकडे होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही ठाण्यात राहतो. इमारत जुनी, बाथरूम आतल्या बाजूला आणि त्याची छोटी खिडकी डक्टमध्ये उघडणारी. उन्हाळ्यात कंत्राटदाराकडून बाथरूम नव्याने करून घेतलं. वर पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग आलं, खिडकी त्याच्याआड गेली आणि सीलिंगमध्ये चौकोनी, देखणा पंखा बसला. बटण दाबलं की सुरू व्हायचा. श्रावण लागेपर्यंत बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत हाताला ओलसर लागू लागली. कोपऱ्यात काळे-हिरवे ठिपके उठले. कपाटातल्या रेशमी साड्यांना कुबट वास येऊ लागला, चामड्याच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी धरली. ती खोली सासूबाईंची आणि त्यांना दमा आहे. रात्रीचा खोकला वाढला, पंप घेण्याच्या वेळा वाढल्या. डॉक्टरांनी तपासून झाल्यावर विचारलं, "घरात कुठे ओल आली आहे का?"

पहिला संशय वरच्या मजल्यावर गेला. वरच्या काकांनी समजूतदारपणे प्लंबरला आपलं बाथरूम दाखवलं. तिथे गळती नव्हती. शेवटी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने फॉल्स सीलिंगची एक पट्टी काढली, बॅटरीचा उजेड वर टाकला आणि म्हणाला, "ताई, पंखा चांगला आहे. पण हवा जाणार कुठे? वर सगळं बंद आहे." पंख्याच्या मागच्या तोंडाला पाइप जोडलेलाच नव्हता. रोजच्या आंघोळीची वाफ स्लॅब आणि सीलिंग यांच्यामधल्या वीतभर पोकळीत जाऊन साचत होती. स्लॅबला थेंब लटकले होते, प्लास्टर फुगलं होतं आणि एका जागी सळईचा गंज दिसत होता. पाइपाचे पैसे मात्र कंत्राटदाराच्या बिलात लावलेले होते.

त्यानंतर या विषयात जे वाचलं, जाणकारांना विचारलं आणि पुन्हा काम करून घेताना पाहिलं, ते पुढे देते आहे.

ओल कुठली, हे आधी ठरवा

गळतीची ओल आणि वाफेची ओल यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. गळतीचा डाग बहुधा एका जागेपासून पसरतो, त्याला तपकिरी कडा येतात, प्लास्टरवर पांढरा खार फुटतो आणि घरात कोणी आंघोळ करो न करो, तो ओलाच राहतो. वाफेची ओल छताच्या कोपऱ्यांत आणि गार भिंतींवर सर्वत्र दिसते, आंघोळीनंतर वाढते आणि हवा खेळली की कमी होते.

शंका राहिली तर फूटभर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा त्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. तिथे पंखा बसवून काही होणार नाही, वॉटरप्रूफिंगच करावं लागेल. आतली बाजू कोरडी आणि खोलीकडची बाजू दमट असेल, तर दोष हवेतल्या वाफेचा आहे. शेजाऱ्यांशी वाद घालण्याआधी ही परीक्षा जरूर करा.

"पावसाळ्यात बाहेरची हवाच इतकी ओली, मग पंखा लावून काय होणार?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. याचं उत्तर तापमानात आहे. 35 अंश सेल्सिअसची वाफेने भरलेली एक घनमीटर हवा सुमारे 40 ग्रॅम पाणी धरते. बाहेर धो धो पाऊस असला आणि तापमान 25 अंश असलं, तर त्या हवेत जास्तीत जास्त 23 ग्रॅम पाणी मावतं. म्हणजे आतली हवा काढून बाहेरची घेतली की प्रत्येक घनमीटरमागे बरंचसं पाणी घराबाहेर जातं. ओला झालेला पृष्ठभाग 24 ते 48 तासांत सुकला तर बुरशीला सहसा मूळ धरता येत नाही. ज्या बाथरूममध्ये रोज चार-पाच जणांच्या आंघोळी होतात, तिथे भिंतींना सुकायला सवड मिळते ती पंख्यामुळेच.

हवेला दोन वाटा लागतात

एक बाहेर जाण्याची आणि एक आत येण्याची. दोन्हींचा विचार केल्याशिवाय पंखा विकत घेऊ नका.

बाहेरची वाट खरोखर बाहेर निघायला हवी. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत नाही, माळ्यावर नाही, ड्राय बाल्कनीच्या बंद कोपऱ्यात नाही. सीलिंगमधल्या पंख्याला पाइप लावायचा तर तो गुळगुळीत पीव्हीसीचा, शक्य तितका आखूड आणि सरळ घ्या. घड्यांचा लवचीक पाइप बसवायला सोपा असतो, पण त्याच्या प्रत्येक घडीत आणि वळणात हवा अडते. पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे आत धरलेलं पाणी आणि पावसाची झड पंख्याकडे येणार नाही. बाहेरच्या तोंडाला खाली वळलेली टोपी आणि कबुतरांसाठी जाळी लावा. जाळी फार बारीक असली तर धूळ आणि तंतू बसून महिन्याभरात चोंदते. भिंतीला भोक पाडायचं तर कोअर कटिंग करून घ्या. बीम आणि कॉलमला हात लावू देऊ नका, आणि सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या.

डक्टमध्ये हवा सोडणार असाल तर डक्ट वरून उघडा आहे का, ते गच्चीवर जाऊन स्वतः पाहा. पाऊस आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून अनेक इमारतींत डक्टवर पत्रे टाकलेले असतात. मग प्रत्येक घरची दमट हवा त्याच विहिरीत साचते आणि ज्याचा पंखा बंद असेल त्याच्या बाथरूममध्ये शिरते. पंख्यामागे आपोआप मिटणाऱ्या पट्ट्यांचं शटर असणं म्हणूनच आवश्यक आहे. डक्टवर पत्रा हवाच असेल, तर तो उंच उचलून चारही बाजूंनी हवा खेळेल असा बसवावा, हा विषय सोसायटीच्या सभेत मांडा.

आत येण्याची वाट म्हणजे दाराखालची फट. हल्ली फायबरचे किंवा पीव्हीसीचे दरवाजे ग्रॅनाइटच्या उंबऱ्याला टेकतील इतके नेटके बसवतात. मग पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही. तो आवाज करतो, काम करत नाही. दाराखाली दोन सेंटिमीटर फट ठेवा. 75 सेंटिमीटर रुंदीच्या दाराखाली एवढ्या फटीतून 150 चौरस सेंटिमीटरची वाट मिळते. 4 इंची पाइपाच्या तोंडापेक्षा ती जवळपास दुप्पट आहे. ते जमत नसेल तर दाराच्या खालच्या भागात जाळी बसवून घ्या. क्वचित वापरातल्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. तिथे दार घट्ट असलं तर पंखा गटाराची हवा वर ओढतो. पंखा लावला की वास येतो, अशी तक्रार असेल तर आधी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता.

काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीत पंखा बसवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. चार पट्ट्या काढायच्या, पंखा बसवायचा, बाकीच्या पट्ट्या तशाच उघड्या. यात पंखा शेजारच्याच फटीतून बाहेरची हवा ओढतो आणि पुन्हा बाहेर टाकतो. दाराकडची वाफ जागची हलत नाही. पंख्याभोवतालची जागा ॲक्रिलिकने पूर्ण बंद करा आणि पंखा चालू असताना हवा दाराखालून येऊ द्या. आलेली हवा पूर्ण खोली ओलांडून गेली पाहिजे, म्हणून पंखा दारापासून लांब आणि उंचावर असावा.

पंखा निवडताना

आकाराचा हिशेब सोपा आहे. 7 फूट लांब, 5 फूट रुंद आणि 9 फूट उंच बाथरूमचं घनफळ 315 घनफूट. तासाला आठ वेळा हवा बदलायची तर 2520 घनफूट, म्हणजे मिनिटाला 42 घनफूट. छोट्या बाथरूमसाठीही मिनिटाला निदान 50 घनफूट धरा, असा अमेरिकेतल्या होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूटचा ठोकताळा आहे. आपल्याकडे खोक्यावर आकडा बहुधा तासाला घनमीटरमध्ये असतो. त्या मापात हे सुमारे 85 होतात.

भिंतीत किंवा खिडकीत बसणारा 6 इंची पात्यांचा पंखा एवढ्या खोलीला सहज पुरतो. पण खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पाइप लागला की साध्या पात्यांच्या पंख्याचा जोर झपाट्याने कमी होतो. पाइप दोन-तीन फुटांहून लांब असेल किंवा त्याला वळणं असतील, तर सेंट्रिफ्युगल किंवा पाइपातच बसणारा इनलाइन पंखा घ्या.

बाथरूमसाठी पत्र्यापेक्षा प्लास्टिकची बॉडी बरी, गंजत नाही. छताला आडवा बसवायचा असेल तर तो पंखा त्यासाठीच बनवलेला आहे का, हे विचारा. बॉल बेअरिंगचा पंखा तिथे जास्त टिकतो. शॉवरजवळ बसवायचा तर आयपीएक्स 4 किंवा त्याहून वरचं संरक्षण हवं, म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी आत जात नाही. अर्थिंगची तार जोडून घ्या, बटण दाराबाहेर ठेवा, आणि घराच्या मुख्य बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा. पाणी आणि वीज एकत्र येतात त्या जागी काटकसर नको.

आंघोळ संपली की पंखा लगेच बंद करण्याची सवय घरोघरी असते. आंघोळीनंतर निदान 20 मिनिटं, दार लावून, पंखा चालू राहू द्या. 35 वॅटचा पंखा रोज तासभर चालला तरी महिन्याला साधारण एक युनिट जळतं. लक्षात राहत नसेल तर टायमरचं बटण बसवा. दर दोन-तीन महिन्यांनी मेन स्विच बंद करून पाती आणि शटर साबणाच्या पाण्याने पुसा. चिकटलेलं शटर उघडतही नाही आणि मिटतही नाही.

गॅस गीझर असेल तर

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे. बाथरूममध्ये गॅस गीझर आणि वर एक्झॉस्ट फॅन, म्हणजे सुरक्षित, असा समज अनेक घरांत आहे. तो जिवावर बेतू शकतो. गीझरची ज्योत खोलीतलाच ऑक्सिजन वापरते. बंद जागेत तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, त्यामुळे गळती कळते. कार्बन मोनॉक्साइडची मात्र काहीच सूचना मिळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आणि दार घट्ट असताना पंखा लावला तर खोलीत ओढ निर्माण होऊन गीझरचा धूर उलट आतच खेचला जाऊ शकतो.

पूर्वी पाण्याचा बंब परसात किंवा उघड्या न्हाणीत पेटायचा, त्याचा धूर मोकळ्यावर जायचा. गॅस गीझरची जागाही तीच: बाथरूमबाहेर, मोकळ्या बाल्कनीत, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. तसं जमत नसेल तर विजेचा गीझर घ्या. आंघोळ करताना डोकं जड होणं, मळमळणं, पायातली शक्ती जाणं अशी लक्षणं दिसली तर ताबडतोब मोकळ्या हवेत या, दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा आणि रुग्णालय गाठा. घरातल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही त्याला ठीकच दिसतं आणि आकडा 98 दाखवू शकतो.

शेवटचा हप्ता देण्याआधी

कंत्राटदार उभा असतानाच पंखा चालू करा आणि बाथरूमचं दार लावा. वर्तमानपत्राची पातळ पट्टी पंख्याच्या जाळीशी धरा. ती चिकटून राहायला हवी. पेटती उदबत्ती दाराखालच्या फटीशी धरा. धूर आत ओढला जायला हवा. मग एकाला डक्टकडे किंवा बाहेरच्या तोंडाशी पाठवा. तिथे हाताला वारा लागायला हवा. फॉल्स सीलिंग बंद करण्याआधी पाइप जोडल्याचा फोटो काढून ठेवा, आणि पुढे तपासणी करता यावी म्हणून सीलिंगमध्ये उघडझाप होणारी एक चौकट मागून घ्या.

आमच्याकडे पाइप जोडला, दाराखाली फट केली, भिंत खरवडून, पूर्ण सुकवून पुन्हा रंगवली. पुढचा पावसाळा त्या खोलीत कोरडा गेला आणि सासूबाईंच्या रात्रीही बऱ्याच शांत झाल्या. पंखा तोच होता, फक्त त्याला वाट मिळाली होती. म्हणून पंख्याच्या दुकानात जाण्याआधी तुमच्या बाथरूममध्ये उभे राहा आणि हवा कुठून येईल, कुठून जाईल, एवढं बोटाने दाखवता येतं का ते पाहा. दाखवता आलं नाही, तर खरेदी थोडी थांबवा आणि आधी ती वाट करून घ्या.