फळझाडाची मोडलेली फांदी : दुरुस्ती आणि अर्थशास्त्र

देशातील सफरचंदांच्या एकूण उत्पादनापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा जम्मू-काश्मीरचा आहे. तेथे ३ नोव्हेंबर २०१८ रोजी आणि पुन्हा ७ नोव्हेंबर २०१९ रोजी अवेळी जोरदार हिमवर्षाव झाला. झाडांची पाने अद्याप गळलेली नव्हती. पानांवर साचलेल्या ओल्या बर्फाच्या भाराने शोपियाँ, कुलगामसारख्या जिल्ह्यांतील बागांत फांद्या मोडल्या, काही झाडे बुंध्यापर्यंत चिरली. हे नुकसान केवळ एका हंगामाच्या पिकाचे नव्हते.

अर्थशास्त्रात ‘साठा’ आणि ‘प्रवाह’ या दोन संकल्पनांत भेद केला जातो. दरवर्षीचे फळ हा प्रवाह, तर झाड हा साठा, म्हणजेच स्थिर भांडवल होय. कोवळ्या झाडाला छाटणी व बांधणी करून वळण दिले जाते, तेव्हा तीन-चार मुख्य फांद्यांचा सांगाडा तयार होतो. पारंपरिक खुंटावरील सफरचंदास फळ धरण्यास सहा ते आठ वर्षे लागतात. या काळातील श्रम, खत व पाणी त्या सांगाड्यातच गुंतलेले असते. म्हणून मुख्य फांदी मोडणे म्हणजे अनेक वर्षांची गुंतवणूक धोक्यात येणे होय.

दुरुस्तीची पद्धत

प्रथम बर्फ हलक्या हाताने झाडून भार कमी करावा. फांदी पूर्ण तुटली नसून एका बाजूची साल व लाकूड जोडलेले असेल, तर ती वाचू शकते. मात्र जखम सुकण्यापूर्वी काम व्हावयास हवे.

१. फांदी टेकूच्या साहाय्याने हळूहळू मूळ जागी आणावी. सालीखालचा वाढीचा हिरवट थर दोन्ही बाजूंनी जुळणे आवश्यक असते, कारण सांधा तेथूनच भरून येतो.
२. बारीक फांदी पट्टीने किंवा सुतळीने घट्ट बांधावी. जाड फांदीस गिरमिटाने आरपार भोक पाडून वॉशरसह नटबोल्ट बसवावा.
३. फांदीचा शेंडा छाटून वजन कमी करावे व जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी.
४. हिवाळ्यात झाड सुप्त असते. सांधा वसंतात वाढ सुरू झाल्यावरच भरू लागतो, म्हणून टेकू तोपर्यंत काढू नये. वाढीच्या काळात बांधणी सैल करावी, अन्यथा ती सालीत रुतते. पुढील एक-दोन हंगाम त्या फांदीवर फळांचा भार ठेवू नये.

फांदी पूर्णपणे तुटली असल्यास खोडालगत स्वच्छ काप घ्यावा आणि खालून फुटणाऱ्या जोमदार फुटव्यास नव्या फांदीचे वळण द्यावे.

धोरणात्मक बाजू

दुरुस्तीचा खर्च अल्प, तर नवीन झाड लावण्याचा संधी खर्च मोठा असतो. परंतु मदतीच्या व्यवस्थेत हा भेद पुरेसा उमटत नाही. २०१६ पासूनची पुनर्रचित हवामानाधारित पीक विमा योजना हवामानाच्या नोंदींवरून पिकाच्या संभाव्य हानीची भरपाई देते. झाडाच्या सांगाड्याची हानी हा तिचा निकष नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीच्या निकषांत बहुवार्षिक पिकांच्या ३३ टक्के वा अधिक हानीसाठी हेक्टरी २२,५०० रुपये, कमाल २ हेक्टरपर्यंत, अशी तरतूद होती. झाडाच्या वयानुसार त्या रकमेत फरक नव्हता. याउलट २००९-१० मध्ये सुरू झालेल्या नारळ विमा योजनेत झाड हेच विम्याचे एकक होते आणि विमा रक्कम वयोगटानुसार ठरविण्यात आली होती.

थोडक्यात, पीक विमा प्रवाहाचे रक्षण करतो. साठ्याचे रक्षण मात्र वेळीच लावलेला टेकू व नटबोल्ट करतात. बहुवार्षिक फळपिकांच्या धोरणात या दोहोंचा स्वतंत्र विचार होणे आवश्यक आहे.