दृष्टी मंदावलेल्या ज्येष्ठांसाठी घर कसे लावावे?

घरातल्या ज्येष्ठांची नजर काचबिंदूमुळे, मधुमेहामुळे किंवा वयोमानाने कमी झाली, की आपण त्यांची कामे आपल्याकडे घेतो. घेतो ते काळजीपोटीच. पण चहा करणे, पैसे मोजणे, औषध घेणे ही कामे एकदा सुटली, की पुन्हा हातात येणे अवघड जाते. त्यामुळे कामे काढून न घेता घर आणि वस्तू त्यांच्या हाताला, कानाला सोयीच्या करून द्याव्यात. त्यासाठी पुढील क्रम ठेवावा.

१. उरलेली दृष्टी तपासून घ्या. उपचाराने आणखी सुधारणा होणार नाही असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले, तरी अल्पदृष्टी तपासणीबद्दल, म्हणजे ‘लो व्हिजन क्लिनिक’बद्दल, जरूर विचारा. आहे ती नजर कशी वापरायची, हे तिथे शिकवतात. काचबिंदूत प्रामुख्याने कडेची नजर जाते. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाली तर समोरचा चेहरा आणि अक्षरे दिसेनाशी होतात. दोघांच्या गरजा वेगळ्या असल्याने तपासणीआधी भिंग विकत आणू नका.

२. चालण्याच्या वाटा मोकळ्या करा. सरकणारी पायपुसणी, वाटेतली स्टुले, लोंबत्या वायरी काढा. दार पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद ठेवावे. अर्धवट उघडे दार थेट कपाळावर बसते. उंबरठ्याला आणि जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना फरशीपेक्षा वेगळ्या, ठळक रंगाची पट्टी लावा. वस्तूची जागा बदलायची झाल्यास आधी सांगावे. हा नियम पाहुण्यांना आणि मदतनीस बाईंनाही लागू आहे.

३. स्वयंपाकघराला पुरेसा वेळ द्या, कारण आत्मविश्वास सर्वांत लवकर इथेच परततो. साखरेच्या डब्याला एक रबरबँड, मिठाच्या डब्याला दोन, अशी खूण करा. मात्र खुणा त्यांनीच ठरवाव्यात, म्हणजे लक्षात राहतात. मिसळणाच्या डब्यात हळद, तिखट, धणेपूड बोटांना सारखीच लागतात, म्हणून वाट्यांचा क्रम कायम ठेवा आणि डब्याच्या एका बाजूला बाहेरून खूण करा, नाहीतर डबा फिरला की क्रमही फिरतो. शेगडीच्या बटणावर आणि त्याच्या बंद स्थितीसमोर उंच चिकट ठिपका लावा. दोन्ही ठिपके एका रेषेत आले, की गॅस बंद. भात पांढऱ्या ताटात हरवतो, स्टीलचे ताट चमकते. गडद रंगाचे ताट आणा. चहासाठी पांढरा कप आणि दुधासाठी गडद कप वापरावा.

४. औषधांना स्पर्शाची खूण हवीच. काचबिंदूच्या थेंबांच्या बाटल्या बहुधा एकाच आकाराच्या असतात. सकाळच्या बाटलीला रबरबँड गुंडाळा, रात्रीची तशीच ठेवा. एकाच वेळी दोन औषधे घालायची असतील, तर मध्ये किमान ५ मिनिटे जाऊ द्यावीत.

५. नोटा ओळखण्याचा सराव करा. १०० रुपयांच्या नव्या नोटेची लांबी १४२ मिलिमीटर, २०० ची १४६ आणि ५०० ची १५० आहे. हा फरक बारीक असल्याने कडांवरच्या उठावदार तिरप्या रेषांचाही आधार घ्यावा: १०० ला ४, २०० ला ४ रेषा व मध्ये दोन वर्तुळे, ५०० ला ५. वापरून गुळगुळीत झालेल्या नोटेवर त्या जाणवत नाहीत. अशा वेळी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये आणलेले ‘मनी’ ॲप नोटेची किंमत बोलून सांगते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. २० रुपयांचे नाणे बारा बाजूंचे असल्याने बोटांनी लगेच कळते. बँकेत चेकबुक, एटीएम कार्ड किंवा लॉकर दृष्टिहीनतेच्या कारणावरून नाकारता येत नाही. तशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत.

६. फोन बोलता करा. अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ आणि आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ ही पडदावाचक सोय फोनमध्येच असते. ती चालू केल्यावर एका स्पर्शाने नाव ऐकू येते आणि दोनदा टिचकी मारल्यावर ते उघडते. आधी फोन लावणे-घेणे, मग व्हॉट्सॲपवरील आवाजी निरोप, त्यानंतरच पैशांचे व्यवहार शिकवा. पिन त्यांचा त्यांनीच टाकावा, तोही इअरफोन लावून.

७. बाहेर जाताना दंड धरून ओढू नका. आपला कोपर पुढे करा. तो धरून त्यांना अर्धे पाऊल मागे चालू द्या. पायरी आली की थांबा आणि चढायची की उतरायची ते सांगा. पांढरी काठी मात्र प्रशिक्षकाकडूनच शिकावी.

८. प्रमाणपत्राचा अर्ज या सगळ्याच्या जोडीने सुरू करा. ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्रासाठी, अर्ज करता येतो. आधार, छायाचित्र आणि डोळ्यांचे अहवाल जवळ ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीचाही समावेश आहे, त्यामुळे थोडे दिसते म्हणून अर्ज टाळू नका. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. तेवढे असेल, तर अवलंबून असलेल्या आई-वडिलांसाठी जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळते; ८० टक्के किंवा अधिक असल्यास ती १,२५,००० रुपये होते.