स्नानगृहाचे अंदाजपत्रक : जयपूरचे उदाहरण

मकराण्याचा संगमरवर आणि कोटा फरशी राज्यातलीच. त्यामुळे जयपुरात स्नानगृहाच्या नूतनीकरणाचा हिशेब बहुधा दगडाच्या दरापासून सुरू होतो. फसवा खर्च मात्र भिंतीआड असतो.

आठ बाय पाच फुटांच्या स्नानगृहाची जमीन ४० चौरस फूट. सात फूट उंचीच्या भिंती १८२, त्यातून दाराचे साडेसतरा वजा. दहा टक्के तूटफूट धरता फरशी सुमारे २२५ चौरस फूट लागते. (क्षारांचे डाग आम्लाने काढण्याची सवय असलेल्यांनी संगमरवर टाळावा, आम्ल तो खातेच.)

परकोट्यातील चुना-दगडाच्या जुन्या घरांत गंजलेले नळ उखडणे, राडारोडा वाहणे व जलरोधक थर ही कलमे स्वतंत्र दाखवावीत. कर्ज मंजूर झाल्यावर ती आठवली, तर काम मध्येच थांबते आणि घरातील वृद्धांना शेजाऱ्यांचे दार ठोठवावे लागते.