जावास्क्रिप्ट, मेसचं बिल आणि एक शून्य

मित्रांनो, प्रोग्रामिंगवरचा लेख म्हटला की निम्मे लोक पान उलटतात, हे मला ठाऊक आहे. पण जरा थांबा, हा लेख जेवणाबद्दलसुद्धा आहे!

गेल्या वर्षी मी हॉस्टेलचा मेस सेक्रेटरी होतो. खाडे मोजा, वहीत लिहा, महिनाअखेरीस बिलं करा, या सगळ्याला कंटाळून मी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटंसं पान बनवलं. प्रत्येकाने त्यात ‘किती दिवस जेवलात’ आणि ‘पाहुण्यांचे किती’ एवढंच भरायचं. दर दिवसाला ९० रुपये. दिवसांचा रकाना रिकामा ठेवला, तर पूर्ण ३० दिवस धरायचे, हा मेसचा जुनाच नियम. इतका सोपा प्रोग्राम, चुकणार तरी कुठे? चुकला. आणि प्रत्येक वेळी चुकला तो एखाद्या इवल्याशा ऑपरेटरपाशी.

(एक सूचना: इथे छापताना अंक आणि ‘नंबर’सारखे शब्द देवनागरीत घेतले आहेत. कॉम्प्युटरवर ते इंग्रजीतच टाका. गंमत म्हणजे व्हेरिएबलचं नाव मात्र जावास्क्रिप्टला मराठीतही चालतं.)

१) दोन नोकऱ्या करणारा +

पहिल्याच रात्री एका ज्युनिअरचं बिल आलं २७००१५० रुपये. सत्तावीस लाखांचं जेवण! खरं तर जेवणाचे २७०० आणि पाहुण्याचे १५०, म्हणजे २८५० व्हायला हवे होते. झालं असं, की रकान्यात टाइप केलेला आकडा जावास्क्रिप्टला आकडा म्हणून मिळत नाही, स्ट्रिंग म्हणून मिळतो. आणि + हा बेरीजही करतो आणि स्ट्रिंगला स्ट्रिंगही चिकटवतो. एका बाजूला जरी स्ट्रिंग दिसली, तरी तो चिकटवायलाच बसतो.

"५" + ३ म्हणजे "५३"
"५" - ३ म्हणजे २
१ + २ + "३" म्हणजे "३३"

वजाबाकीला चिकटवण्याचं काम येतच नाही, म्हणून ती मुकाट्याने स्ट्रिंगचा आकडा करून घेते. तिसऱ्या ओळीत डावीकडून सुरुवात झाली, १ आणि २ ची बेरीज ३ झाली आणि मग पुढचा "३" चिकटला. उपाय सोपा: रकान्यातली किंमत आधी नंबर(…) मधून काढायची, मगच बेरीज.

ही चूक ओरडून सांगणारी होती. सगळे पोट धरून हसले, मी दहा मिनिटांत दुरुस्त केली. पुढची चूक गप्प बसणारी होती.

२) शून्याला न ओळखणारा ||

माझा रूममेट नोव्हेंबरचा पूर्ण महिना गावी होता. वडिलांचं ऑपरेशन होतं. त्याने प्रामाणिकपणे रकान्यात ० भरलं. बिल आलं २७०० रुपये. नियमच तसा असेल असं समजून त्याने कुणाकडून तरी उसने घेतले आणि भरले. मला बोलला नाही. महिन्याभराने सहज विषय निघाला, तेव्हा मला कळलं. माझ्या प्रोग्राममधली ओळ ही होती:

दिवस = नंबर(उत्तर) || ३०

|| म्हणजे ‘किंवा’. डावी बाजू ‘खरी’ वाटली तर ती घेतो, नाहीतर उजवी. पण ‘खोट्या’च्या यादीत फॉल्स, रिकामी स्ट्रिंग, नल, अनडिफाइन्ड आणि नॅन यांच्याबरोबर ० सुद्धा बसलेलं आहे. म्हणजे ‘मी शून्य दिवस जेवलो’ आणि ‘मी उत्तरच दिलं नाही’ हे || च्या लेखी सारखंच.

३) ?? ने सुटेल?

२०२० च्या ईसीएमएस्क्रिप्टमध्ये ?? हा ऑपरेटर आला. तो फक्त नल किंवा अनडिफाइन्ड असेल तरच उजवीकडे जातो, ० ला हात लावत नाही. मी आनंदाने || काढून ?? टाकला. आता रूममेट वाचला, पण रकाना रिकामा ठेवणाऱ्या सगळ्यांचं बिल शून्य! कारण नंबर("") याचं उत्तर ० येतं, नल नाही.

४) == आणि ===

मग मी आकडा करून झाल्यावर विचारलं, दिवस == "" आहे का? पुन्हा आपटलो. == हा दोन्ही बाजूंचे प्रकार जुळवून मग तुलना करतो. म्हणून:

० == "" खरं
० == "०" खरं
"" == "०" खोटं!

गणितात असं चाललं असतं का? === मात्र प्रकार वेगळे दिसले की सरळ ‘खोटं’ म्हणतो. शेवटी टिकली ती ओळ अशी:

दिवस = उत्तर.ट्रिम() === "" ? ३० : नंबर(उत्तर)

आधी रिकामं आहे का ते बघा, मगच आकडा करा. ट्रिम अशासाठी, की कुणी नुसती स्पेस दाबली तरी नंबर ० च देतो. आणि कुणी ‘वीस’ किंवा देवनागरीत २० लिहिलं, तर नॅन येतं. ते वेगळं तपासून ‘पुन्हा भरा’ म्हणायचं. नॅन तपासताना === वापरू नका, कारण नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो. त्यासाठी इझनॅन आहे.

हे असं का, असा प्रश्न पडला असेल. ब्रेंडन आईक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. वेब पानं बनवणाऱ्या नवख्या माणसालाही जमावी अशी ती हवी होती, म्हणून ती चुकीवर अडून न बसता अंदाज बांधून पुढे जाते. === नंतर, १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रमाण झाला. पण == बदलता आला नाही, कारण मग जुनी पानं बंद पडली असती.

रूममेटचे पैसे मेसच्या काकांनी पुढच्या बिलात वळते केले. ‘तुझा कॉम्प्युटर शिकलेला आहे, पण त्याला उपाशी माणूस कळत नाही,’ एवढंच ते म्हणाले.

तेव्हा मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या प्रोग्राममध्ये एकदा ० टाकून बघा, एकदा रकाना रिकामा ठेवून बघा, एकदा मराठी आकडा टाकून बघा. एरर आली नाही म्हणजे उत्तर बरोबर आलं असं नाही. आणि बिल तुमच्या हाती आलं आणि पटलं नाही, तर उसने घेण्याआधी सेक्रेटरीचं दार वाजवा!